दादाची मान आणि उपग्रहाचं स्टेअरिंग

आमच्या दादाची मान दुखायला लागली तेव्हा त्याचा दोष त्यानं आधी उशीला दिला. वहिनीनं उशी बदलली. मग म्हणाला, पंख्याचा वारा लागतोय. पंखा बंद केला आणि सगळं घर घामानं भिजलं. मग म्हणाला, हेल्मेटचं वजन पडतंय. हेल्मेट त्यानं जन्मात डोक्याला लावलं नव्हतं. ते सोप्यात खुंटीला टांगलेलं असायचं आणि वहिनी त्यात लसूण ठेवायची.

खरं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. नव्वदच्या दशकात आमच्याकडं ट्रॅक्टर आला आणि तेव्हापासून दादा त्यावर बसून मागं बघत होता. उसासाठी सरी सोडायची म्हणजे ट्रॅक्टर पुढं जातो, पण काम पाठीमागं चाललेलं असतं. मागं जोडलेला रिजर माती दोन्ही बाजूंना फेकत लांबलचक चर पाडत येतो, तीच सरी. ती नीट पडतेय का हे बघायला चालवणाऱ्याला वळून बघावं लागतं. बाकीचे लोक अधूनमधून मागं बघतात. दादा अधूनमधून पुढं बघायचा. अशी वर्षानुवर्षं उजव्या खांद्यावरून मान पाठीमागं टाकून त्यानं आमचं रान, भावकीचं रान आणि भाड्यानं निम्म्या गावाचं रान सऱ्यांनी भरून काढलं होतं.

सऱ्या मात्र होत्या सरळ. त्याबद्दल खोटं बोलून चालायचं नाही. काम संपलं की तो बांधावर उकिडवा बसायचा, एक डोळा मिटायचा आणि सरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकायचा. मग दुसरी सरी, मग तिसरी. वहिनी जेवण झाकून वाट बघत असायची आणि हा बांधावर एक डोळा मिटून बसलेला.

मी शेतीतला नव्हे. शिरोली एमआयडीसीत माझं लहानसं वर्कशॉप होतं, दोन लेथ आणि एक ड्रिल मशीन. फाउंड्रीतून आलेले ओतीव भाग मी घासून, भोकं पाडून द्यायचो. वडगावच्या बाजूला आमचं गाव, तिथून रोज मोटारसायकलवर जाऊन-येऊन. रविवारी दादाला मदत करावी म्हणून ट्रॅक्टरवर बसायला गेलो की तो म्हणायचा, "उतर. तुझी सरी म्हंजे बैल मुतत चालल्यागत." लोखंड केसाच्या मापानं कापणाऱ्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागायचं.

ड्रायव्हर ठेव म्हणावं, तर तेही करून झालं होतं. एकाला त्यानं पहिल्याच दुपारी हाकललं. दुसरा आपणहून यायचा बंद झाला. तिसरा गुणी होता, पण दादा ट्रॅक्टरच्या मागोमाग ढेकळं तुडवत "डावीकडं दाब, डावीकडं दाब" असं ओरडत फिरायचा. शेवटी त्या भल्या माणसानं इंजिन बंद केलं, किल्ली दादाच्या हातात दिली आणि म्हणाला, "मालक, एवढं वरडत चालण्यापरास तुमीच बसा की वर."

मग हात सुन्न पडायला लागला, तेव्हा कुठं तो कोल्हापूरला डॉक्टरकडं यायला तयार झाला. डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे फोटो उजेडाला धरून दाखवला. मानेच्या मणक्यांत झीज होती. "मान वळवायची नाही. ट्रॅक्टर बंद," असं सांगून त्यांनी गळ्याला पट्टा दिला.

पट्टा दादानं मनापासून वापरला, पण कुठं? चहाच्या गाड्यावर. तिथं जो येईल तो विचारायचा, काय झालं हो, आणि दादा रंगवून सांगायचा. दूध घालायला डेअरीत गेला की पट्टा. लग्नाला गेला की पट्टा. ट्रॅक्टरवर चढला की मात्र पट्टा गळ्यातून निघून गिअरच्या दांड्याला लटकायचा, कारण पट्टा घातल्यावर मागं बघता येत नव्हतं! वहिनी एकदा वैतागून म्हणाली, "मान घरातच ठेवून जावा आनि पट्टा तेवढा पाठवा रानात."

आमची मधली बहीण तेव्हा ऑस्ट्रेलियात होती. तिचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, तिथं शेतीच्या मशिनरीच्या दुरुस्तीखात्यात कामाला. मूळचे कोल्हापूर शहरातले, डिप्लोमा करून गेलेले. स्वभाव असा की घर पेटलं तरी म्हणतील, बघू, काही अवघड नाही. बहिणीच्या कानावर मानेचं गेलं आणि एका रविवारी दाजींनीच फोन हातात घेतला.

"दादा, याला औषध आहे आमच्याकडं," ते म्हणाले. "ट्रॅक्टरवर एक वाटी बसवायची. वर उपग्रह फिरतायत, त्यांच्यावरनं तिला कळतं आपण नेमके कुठं आहोत. मग मोटर आपोआप स्टेअरिंग फिरवते. तुम्ही नुसतं बसायचं. इथले शेतकरी ट्रॅक्टरवर बसून पेपर वाचतात."

"पेपर वाचायला ट्रॅक्टर कशाला लागतोय, पावणं?" दादा म्हणाला. "त्याला देऊळ हाय की गावात."

"पण रेघ अशी येते दादा, दोरी लावल्यासारखी. केसभर हलत नाही."

इथं दादा सरळ होऊन बसला. मी शेजारीच बसलो होतो, मला तेव्हाच कळायला हवं होतं. मानेचं त्याला काही पडलं नव्हतं. आपल्यापेक्षा सरळ सरी सोडणारं जगात काहीतरी आहे, हे त्याला खुपलं होतं. "आना मग," तो म्हणाला. "बघू तरी."

दाजी दिवाळीला आले ते बहिणीच्या साड्यांत गुंडाळलेलं ते यंत्र घेऊन. जुना संच होता. तिकडच्या कुणा शेतकऱ्यानं नवा घेतला आणि हा दुरुस्तीखात्यात टाकून दिला होता. पांढरी, पालथ्या वाटीसारखी अँटेना, एक पडदा, त्याच्या डोक्यावर लाल-हिरव्या दिव्यांची ओळ, आणि एक मोटर. मोटरीला रबरी चाक होतं. ते स्टेअरिंगच्या कडेला टेकवायचं, म्हणजे मोटर फिरली की स्टेअरिंग फिरतं. इतकं साधं.

"म्हणजे फुकटच पडलं की," मी म्हणालो.

"जवळजवळ," दाजी म्हणाले.

त्या जवळजवळमध्ये माझं काय काय गेलं ते मलाच माहीत. आमच्या ट्रॅक्टरला छत नव्हतं, म्हणून वाटीसाठी पाइपचा स्टँड केला. मोटर बसवायला ब्रॅकेट केला, तो हलला, मग जाड पट्टीचा केला. स्टेअरिंग इतकं ढिलं होतं की पाव फेरा फिरवल्यावर चाकांना बातमी कळायची. दादाच्या हातांना त्याची सवय होती, मोटरीला नव्हती. मग स्टेअरिंग बॉक्स खोलला, आतले झिजलेले बुश नवे केले. बॅटरी जुनी होती, पडदा मधेच विझायचा, तीही नवी आली. रबरी चाक घसरत होतं म्हणून स्टेअरिंगला सायकलची ट्यूब गुंडाळली. दिवाळीनंतरचे सगळे दिवस मी स्वतःच्या लेथवर दादाचंच काम करत होतो आणि फाउंड्रीवाला रोज फोनवर माझा उद्धार करत होता. दाजी माझ्या वर्कशॉपच्या शेडमध्ये स्टुलावर बसून चिवडा खायचे. म्हणायचे, "तिकडं हे सगळं तयार मिळतं."

पहिल्या दिवशी ओढ्याकडच्या रानात अर्धं गाव गोळा झालं. दाजींनी दादाला सांगितलं, की या टोकाला एक बटण दाबायचं, सरळ त्या टोकाला जायचं आणि तिथं दुसरं दाबायचं. झाली रेघ. पुढच्या सगळ्या सऱ्या यंत्र तिच्याशी समांतर घेणार. दादानं तसं केलं. मग ट्रॅक्टर वळवून लावला, दाजींनी हिरवं बटण दाबलं आणि दादानं हात मांडीवर घेतले.

ट्रॅक्टर निघाला. स्टेअरिंग आपलं आपण इकडं-तिकडं हलत होतं, एखादा न दिसणारा माणूस धरून बसल्यासारखं. बांधावरचे लोक दोन पावलं मागं सरले. कुणीतरी म्हणालं, "आयला, भूत बसलंय." मी खरंच सगळा वैताग विसरलो. मी ट्रॅक्टरच्या बाजूनं ढेकळांतून पळत होतो आणि वर बघितलं तर दादा सीटवर हात मांडीवर घेऊन, कंबर वळवून, मान पार पाठीमागं टाकून बसलेला. मागं बघत.

"दादा! पुढं बघ की!" मी ओरडलो.

"पुढं बघायला काय हाय? ते बघतंय की पुढचं."

"अरे, मागं बघायला लागू नये म्हणून तर आणलंय हे सगळं!"

"मग सरी कशी पडतीया ते कळणार कसं? उपग्रह सांगनार हाय व्हय मला?"

मी पळायचा थांबलो. पूर्वी निदान स्टेअरिंग धरायला, समोरचा बांध बघायला त्याला मान अधूनमधून पुढं आणावी लागायची. आता तीही गरज उरली नव्हती. आता तो टोकापासून टोकापर्यंत अखंड मागं बघू शकत होता. माझे ब्रॅकेट, माझे बुश, माझी नवी बॅटरी, सगळं त्या सुखासाठी!

टोकं तरी किती लांब असणार? दाजी सांगत होते, तिकडं एका टोकाकडनं निघालं की दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत जेवण उरकतं. आमच्याकडं यंत्राला रेघ सापडायची, ते जरा स्थिर व्हायचं आणि तेवढ्यात बांध यायचा. बांध आला की ते पी पी करायचं. मग दादानं स्टेअरिंग धरून, रिजर उचलून, मागंपुढं करत, मान चारी दिशांना फिरवत ट्रॅक्टर वळवायचा. वळण घेणं यंत्राला येत नव्हतं. म्हणजे सोपं होतं ते काम त्यानं घेतलं आणि मानेला मारणारं दादाकडंच ठेवलं.

त्यात ओढ्याकडचा बांध वाकडा. दादा नेहमी बांधाच्या कलानं हळूहळू सऱ्या वळवत न्यायचा, एक इंचही रान वाया जायचं नाही. यंत्राला बांध दिसत नव्हता, त्याला फक्त रेघ माहीत. त्यामुळं कडेला समोशासारखा तिकोनी तुकडा तसाच उरला.

दुपारी आम्ही जेवायला गेलो. परत येऊन यंत्र चालू केलं तर ट्रॅक्टर सकाळच्या सरीच्या शेजारी जायच्या ऐवजी तिच्या अंगावरच चढला आणि अर्धी सरी मोडत गेला. दादानं ब्रेक दाबला. खाली उतरला, त्या मोडक्या सरीकडं बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की मला त्याला मारावंसं वाटलं.

"सरीत सरी घातली की हो तुमच्या उपग्रहानं!"

दाजी डोकं खाजवत म्हणाले, "ते थोडं सरकतं. तिकडं उपग्रहाची चूक दुरुस्त करणारा वेगळा सिग्नल असतो, त्यामुळं नेमकं येतं. तो इथं मिळत नाही."

"मग हे आधी का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"मला वाटलं, अंदाजे चालेल."

उसाच्या सरीला अंदाजे! ज्याच्यापुढं तीन ड्रायव्हर टिकले नव्हते त्याच्या रानात! दाजी पुढच्याच आठवड्यात परत गेले. जाताना म्हणाले, "वापरा, सवय होईल." आणि पुढं दर रविवारी फोनवर विचारायचे, कसं चाललंय दादा? दादा सांगायचा, "एक नंबर!" पाहुण्यांचं मन मोडायचं नाही म्हणून. मी शेजारी बसून कपाळ बडवायचो.

पण खरा ताप पुढं होता. त्या पडद्यावर, जेवढं रान झालं तेवढ्याचं क्षेत्रफळ यायचं. हे दादानं चहाच्या गाड्यावर सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे चुलते दारात.

हे चुलते म्हणजे आमच्या बांधाला बांध असलेले. मधला बांध आम्ही खाल्ला, असा त्यांचा जुना आरोप. आमचा त्यांच्यावर तोच. दर पावसाळ्याआधी दोन्हीकडून एकेक शिवी व्हायची आणि वर्षभर बरं चालायचं.

"उपग्रह आलाय म्हनं तुमच्याकडं," चुलते म्हणाले. "मग आमचं रान किती भरतंय ते त्याला इचार की एकदा."

मी दादाला डोळ्यानं खुणावत होतो, नको, नको. पण उजव्या खांद्यामागं सोडून त्या माणसाला काही दिसायचंच नाही. त्यानं ट्रॅक्टर काढला आणि चुलत्यांच्या रानाच्या कडेकडेनं फेरी मारली. आकडा आला तो सातबाऱ्यापेक्षा कमी.

"बघा!" चुलते कडाडले. "खाल्लाय का न्हाई बांध? आता वरनं देवानं बघितलंय!"

"देव न्हवं, उपग्रह हाय तो. आनि त्यो सरकतोय," दादा म्हणाला.

"माझ्या येळंलाच बरा सरकतोय!"

दादाला राग आला. त्यानं पुन्हा फेरी मारली. या वेळी आकडा सातबाऱ्यापेक्षा जास्त आला. आता दादा ओरडायला लागला की बांध तुम्हीच खाल्लाय, आणि चुलते म्हणायला लागले की यंत्र सरकतंय. दोघेही हयातभर भांडायला एक बांध पुरवून वापरत आले होते, यंत्रानं त्यांना आणखी दोन दिले.

भांडण गावभर गेलं आणि त्यानं लोकांनी शहाणं व्हावं, तर उलटंच. यंत्राचा आकडा प्रत्येक वेळी वेगळा येतो, म्हणजे एकदा तरी आपल्या बाजूनं येईल, असा हिशोब लोकांनी मांडला. रोज कुणीतरी यायचं. "दादा, आमचं बी जरा मोजा की." एक गृहस्थ तर पार मलकापूरहून मोटारसायकलवर आले. त्यांच्या भावांत वाटणीचं चाललं होतं. ट्रॅक्टर मलकापूरला घेऊन यावा, डिझेल ते घालणार होते. तिथं घाटाकडच्या उतरणीच्या रानात, झाडीच्या सावलीत या वाटीला काय दिसणार होतं? मी त्यांना समजावून सांगत होतो आणि दादा आतून विचारत होता, "शेताला वाट हाय का न्हाई ट्रॅक्टर जायाला?"

त्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी शेडमधून पत्र्याचा तुकडा कापून आणला, पडद्याच्या ज्या भागात आकडा यायचा त्यावर ठेवला आणि चारी बाजूंनी एम-सील लावून कायमचा चिकटवून टाकला. दादा बघत उभा होता. म्हणाला, "आरं, पाहुण्यांची वस्तू हाय ती."

"पाहुण्यांना सांग, एक नंबर चाललीय," मी म्हणालो.

मान तशीच होती, उलट वाढलीच होती. पुढच्या लावणीच्या वेळी त्याचा हात इतका सुन्न झाला की चहाचा कप सुटला. तरी सकाळी उठून ट्रॅक्टरकडं. वहिनी आमच्या घरात मोठ्यानं न बोलणारी एकटीच. ती त्या दिवशी त्याच्या मागोमाग रानात गेली आणि चालत्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर उलटं तोंड करून बसली.

"मी बघती मागं," ती म्हणाली. "तुमी पुढं बघा. वाकडी झाली की सांगती."

एक दिवस तसं चाललं. चाललं म्हणजे दादा दर चार पावलांवर विचारायचा, "कशी हाय?" ती म्हणायची, "बरी हाय." "बरी म्हंजे?" आणि मान मागं! संध्याकाळी घरी आल्यावर वहिनीनं पाठ धरली आणि जेवताना मला म्हणाली, "भावजी, मडगार्डवर टेकायला कायतरी करा. आनि उद्यापासनं मागं बघत हेच बसतील. मी चालवती."

दादाच्या हातातला घास थांबला. "तुला येतंय व्हय?"

"स्टेअरिंग ते यंत्र धरतंय. क्लच-ब्रेक बघून बघून आलंय मला. टोकाला वळवायचं तेवढं शिकवा."

"सरी वाकडी जाईल."

"तुमी बसा की वाकडी हाय का बघत. मान वळवायला नको, तोंडच मागं करून बसा. जलमभर तेच करायचं हाय न्हवं तुमाला?"

मी ताटावरून उठलो ते थेट हात धुऊन मोटारसायकलला किक मारली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मडगार्डजवळ उलट्या तोंडाची लोखंडी खुर्ची तयार होती. पाठीला टेका, दोन्ही बाजूंना कठडा, पुढं आडवा दांडा, म्हणजे गचका बसला तरी माणूस रिजरवर पडायला नको. इतक्या वर्षांत मी बनवलेल्या हजारो वस्तूंपैकी याच एका वस्तूबद्दल दादानं मला कधी नावं ठेवली नाहीत.

पहिले काही दिवस ओढ्याकडच्या रानातून जो आरडाओरडा ऐकू यायचा तो रस्त्यावरून जाणाऱ्यांना भांडण वाटायचा. वहिनीला वळण जमत नव्हतं. ती बांधावर चढवायची, मागं घेताना सरी मोडायची. यंत्र मात्र मधल्या सरळ भागात तिला सांभाळून न्यायचं, तेवढ्यात ती दम खायची, पदर खोचायची. सकाळची रेघ दुपारी सरकायची तेव्हा दादा मागून हाका मारायचा आणि ती बटण बंद करून हातानं सरळ करून घ्यायची. असं करता करता ती यंत्र बंद ठेवून जास्त चालवायला लागली. कधीपासून, ते आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नाही. दादाचा सुन्नपणा हळूहळू उतरला. डॉक्टर म्हणाले, पट्ट्याचा गुण आहे.

एका पावसाळ्यात वाटीत पाणी गेलं आणि पडदा काळा झाला तो झालाच. दाजी म्हणाले, पाठवून द्या, दुरुस्त करतो. दादानं सांगितलं, "ऱ्हाऊ द्या पावणं, आता काय गरज न्हाई." ऐकून मी मोटर आणि ब्रॅकेट काढून शेडमध्ये नेले. मोटर अजूनही एका ग्राइंडरला चालते.

पुढं लोक मला विचारायचे, कारण मीच ते बसवलं होतं: असलं यंत्र घेण्यासारखं असतं का? काय सांगायचं? ज्याचं दुसरं टोक दिसत नाही असं रान असेल, वर नेमका सिग्नल असेल, तर असेलही. दोन भावांत आणि चार बांधांत वाटलेल्या आमच्यासारख्या रानात त्यानं मला दीड वर्ष छळलं. आणि ते नसतं तर वहिनी त्या सीटवर बसली नसती, हेही खरं. या दोन गोष्टींची बेरीज कशी करायची ते मला आलं नाही. विचारणाऱ्याला मी चहा पाजायचो आणि विषय बदलायचो.

शेवटची एक गोष्ट सांगतो. रस्त्याकडेच्या पट्टीत वहिनीनं पहिल्यांदा सगळ्या सऱ्या एकटीनं, यंत्राशिवाय सोडल्या. दादा त्या दिवशी लग्नाला गेला होता. संध्याकाळी आला, तसाच लग्नाच्या कपड्यांत बांधावर उकिडवा बसला आणि एक डोळा मिटला. मधल्या सऱ्यांना किंचित पोट आलं होतं. मला तर ते त्यानं बोट दाखवल्यावर दिसलं.

वहिनी घमेलं घेऊन आली आणि त्याच्याशेजारी उभी राहिली. "ऊस कमरंला लागला की सरी सरळ हाय का वाकडी, कुनाला दिसतंय वो?" तिनं विचारलं.

मी थक्क झालो. इतकी वर्षं मान, डॉक्टर, उपग्रह, भांडणं, आणि हा साधा प्रश्न आमच्यापैकी कुणीच विचारला नव्हता. मी दादाकडं बघितलं, आता तरी हसेल म्हणून.

त्यानं मिटलेला डोळा उघडलाही नाही. "मला म्हाईत असतंय," तो म्हणाला, आणि पुढच्या सरीकडं सरकला.